टोचा, पण एकाच पदराला!

स्कॉटिश लग्नात किल्ट घालून मिरवणाऱ्यांकडे नीट पाहा. उजव्या बाजूला, खाली झालरीजवळ, एक झोकदार पिन चमकत असते. कुणाची तलवारीच्या आकाराची, कुणाची थिसलच्या काटेरी फुलाची, तर कुणा हौशीने घरीच घडवलेली. पारंपरिक किल्टला लोकरी कापड लागतं सुमारे ८ वार, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा वारभरच कमी! एवढ्या कापडाला पिन टोचायची म्हणजे छातीत धस्स होणारच. म्हणून या काही टोचऱ्या गोष्टी.

पिन निघाली तरी अब्रू शाबूत
किल्ट पिनेच्या भरवशावर उभा नसतो. त्याला कमरेला चामडी पट्टे आणि बकलं असतात. मागे चुण्या, पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर. पिन लावायची ती फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदर एकत्र टोचले, की जिना चढताना किंवा नाचताना एक पदर इकडे ओढतो, दुसरा तिकडे. पिन मध्ये अडून बसते आणि फाटतं ते कापड!

राणीच्या टोपीतली पिन
एक लाडकी दंतकथा आहे. वाऱ्याच्या दिवशी पहाऱ्यावरच्या सैनिकाचा किल्ट फडफडत होता. व्हिक्टोरिया राणीने आपल्या टोपीची पिन काढून त्याला दिली आणि तिथून फॅशन सुरू झाली म्हणे! खरं असो-नसो, गोष्ट झकास आहे.

भोक पडतं कुठे?
किल्टच्या चौकड्यांच्या कापडाची, म्हणजे टार्टनची, वीण बहुधा ट्विलची: प्रत्येक धागा दोन धाग्यांवरून जातो, मग दोन धाग्यांखालून. बारीक, अणकुचीदार पिन धाग्यांना बाजूला सारून वाट काढते. बोथट पिन धागाच तोडते. लोकरीच्या तंतूंना मुळातच कुरळेपणा असतो, त्यामुळे पिन काढल्यावर जरा वाफ दिली आणि नखाने हलकेच घासलं, की धागे सहसा पुन्हा जागेवर येतात. तुटलेला धागा मात्र वाफेला दाद देत नाही.

पायमोज्याची परीक्षा
घरी केलेली पिन थेट किल्टला लावू नका. आधी तिचं टोक जुन्या नायलॉनच्या पायमोज्यातून ओढून पाहा. जरा जरी अडकलं, तरी बारीक पॉलिश पेपरने घासा. टोक सुळकन पार गेलं, तर पिन पास!

चमचा, किल्ली, सांबरशिंग
जुन्या चमच्याचा दांडा, गंजलेली नाही अशी किल्ली, शिंगाची चकती, काहीही चालतं. व्हिक्टोरियन काळात तर ग्राउस पक्ष्याचा पंजा चांदीत मढवून त्याची ब्रूच करत! फक्त वजन आवरा. जड पिन कापडाला लोंबते आणि भोक रुंदावते. मागची पिन लांबट, आडव्या पट्टीची घ्या, म्हणजे भार विभागतो. पदराच्या आतल्या बाजूने फेल्टचा लहानसा तुकडा ठेवून पिन त्यातूनही ओवली, तर आणखी बरं. आणि मागची पिन चिकटवलेला गोंद रात्रभर पुरता वाळू द्या, नाहीतर पिनेऐवजी डागच मिरवाल.

१५ डॉलरची उधारी
अमेरिकेतल्या वॉल्टर हंटवर १५ डॉलरचं कर्ज होतं. तारेशी चाळा करता करता त्याला सेफ्टी पिन सुचली. १८४९ मध्ये पेटंट मिळालं आणि ते त्याने ४०० डॉलरला विकून टाकलं. त्या पिनेचं वेटोळं मात्र कापड हमखास गिळतं. त्यावरचा उतारा पैठणी नेसणाऱ्यांना ठाऊक आहे: टोचण्याआधी पिनेत एक मणी ओवून तो वेटोळ्यापाशी सरकवायचा. ही युक्ती टार्टनलाही तितकीच लागू!

प्रेमाची आणि दृष्टीचीही
एडिनबरोत सेंट जाइल्स चर्चजवळ कुलूपबंद दुकानांची रांग होती. तिच्यावरून तिथल्या हृदयाच्या आकाराच्या ब्रूचला नाव पडलं, लकनबूथ. प्रियकर ती प्रेयसीला देई. पुढे तीच बाळाच्या शालीला लावत, वाईट नजर लागू नये म्हणून. आपल्याकडे तीट, तिकडे पिन!

हिरवा डाग, नको राग
पितळ आणि तांबं ओल लागली की हिरवट होतं. पिनेच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारा. किल्ट टांगताना, इस्त्री करताना, ड्रायक्लीनला देताना पिन आधी काढा. आणि दर वेळी एकाच भोकात न घुसवता बोटभर जागा बदला.

एवढं सांभाळलंत, तर किल्ट बापाकडून मुलाकडे जाईल आणि मुलगा त्यावर स्वतःच्या हाताने केलेली नवी पिन लावेल. वरच्या पदराला, अर्थातच!