औषधावरील पेटंटे कशी मोजावीत?

मदतीचे अर्ज घेऊन येणारे आम्हांस पुसतात, "हे औषध इतके महाग का?" पुष्कळदा उत्तर पेटंटात असते. पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांची मक्तेदारी. पण एका औषधावर ती अनेक असतात: मूळ रेणूवर एक, त्याच्या क्षारावर दुसरे, गोळीच्या घडणीवर तिसरे.

प्रथम औषधाचे मूळ नाव घ्यावे, व्यापारी नव्हे. ते भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा 'मेड्सपाल' या विनामूल्य सूचीत शोधावे. मंजूर, मुदतीतील व शुल्क भरलेली तेवढीच मोजावीत. प्रलंबित वेगळी लिहावीत. परदेशातील पेटंट येथे चालत नाही.

क्षयावरील बेडाक्विलिनचेच पाहा. मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होते. क्षाराच्या पेटंटाने मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींनी 2019 मध्ये हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये तो अर्ज नामंजूर झाला.

म्हणून प्रलंबित नोंदीकडे दुर्लक्ष करू नये. तिच्यावर हरकत कोणासही घेता येते, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.