बॉक्सरचा तवा, बिनतेलाचा बांगडा

५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. डोक्याचा तुळतुळीत गोटा, थोडं सुटलेलं पोट, वय वर्षं ४५. जॉर्ज फोरमन २६ वर्षांच्या मायकेल मूररचा मार नऊ फेऱ्या खात राहतो आणि दहाव्या फेरीत त्याला आडवा करतो. हेवीवेट जगज्जेतेपद जिंकणारा सर्वांत वयस्कर माणूस हा मान आजही त्याचाच. त्या रात्री अंगावर चड्डी कुठली? वीस वर्षांपूर्वी किन्शासात मोहम्मद अलीकडून हरताना घातलेली, तीच लाल!

त्याच वर्षी फोरमनचं नाव लावलेला एक छोटासा इलेक्ट्रिक ग्रिल अमेरिकेच्या बाजारात आला. पुढं असे दहा कोटींहून जास्त ग्रिल खपले. १९९९मध्ये हा ग्रिल विकणाऱ्या सॅल्टन कंपनीनं फोरमनचं नाव कायमचं वापरता यावं म्हणून तो आणि त्याच्या भागीदारांना १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. थोडक्यात, मुठींनी जेवढं कमावून दिलं त्याहून जास्त तव्यानं दिलं. जाता जाता सांगायचं तर या गृहस्थाला पाच मुलगे आणि पाचही जणांचं नाव जॉर्ज. घरात हाक मारली की कोण ओ देत असेल, देव जाणे. मार्च २०२५मध्ये फोरमन गेला. ओट्यावरचा ग्रिल मात्र आता भारतातही घरोघरी दिसू लागलाय.

डोकं कुणाचं, नाव कुणाचं

ग्रिल फोरमननं शोधलेला नाही. तो इलिनॉयमधल्या बटेव्हिया गावच्या मायकेल बोहम यांचा. त्यांच्या यंत्रात दोन गमती होत्या. झाकणाची बिजागरी ढिली, वरखाली सरकणारी, म्हणजे जाड तुकडा ठेवला तरी वरचा तवा त्यावर सपाट बसतो आणि दोन्ही बाजू एकदमच भाजतात. दुसरी गंमत म्हणजे उतार. खालचा तवा पुढं झुकलेला. मांसातून सुटलेली चरबी पन्हाळीतून पुढच्या ट्रेमध्ये जमा. कोरियात डुकराच्या पोटाचं चरबीदार मांस जेवणाच्या टेबलावर भाजतात, तो तवाही असाच तिरपा असतो.

जाहिरातीचा सगळा डोलारा या उतारावर उभा राहिला. चरबी समोर, ट्रेमध्ये, डोळ्यांना दिसते! ग्राहकाला आणखी काय हवं?

पण आपल्याकडं निथळायचं काय?

खरी मेख इथं आहे. उतार हा अमेरिकन बर्गरच्या दुखण्यावरचा इलाज. तिथं चरबी खिम्यातच असते. आपल्या दुधीत, वांग्यात, अळूच्या पानात चरबी असते कुठं? ती आपण बाटलीतून ओततो. कोबीची वडी ग्रिलवर ठेवून ट्रेकडं कितीही आशेनं पाहिलं तरी तो कोरडा ठणठणीत राहणार. मराठी स्वयंपाकघरात या यंत्राचा फायदा तेल बाहेर काढण्यात नाही. ते मुळात घालावंच लागत नाही, यात आहे.

आणि तो फायदा लहान नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरींच्या वर. कापांचा एक घाणा तव्यावर परतताना कडेनं तेल सोडायला आपण चमचा कितीदा फिरवतो ते आठवा.

तळणाची आणखी एक मजा. तेल पदार्थात शिरतं कधी? बहुतेकांना वाटतं, कढईत उकळत असताना. तिथं तर पदार्थातलं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर पडत असतं आणि तेलाला आत येऊ देत नाही. झाऱ्यानं वडी वर काढली, ती गार व्हायला लागली, आतली वाफ निवली, की पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल आपण कढईबाहेरच खातो. म्हणून झाऱ्यावर वडी नीट निथळणं आणि लगेच कागदावर टाकणं ही आजीची शिस्त शास्त्रालाही पटते.

पास, नापास

*अळूवडी, कोथिंबीर वडी:* पहिल्या नंबरात. आधीच उकडलेली असल्यानं आत कच्चं राहायची भीती नाही. ग्रिलनं फक्त कुरकुरीतपणा द्यायचा. ब्रशनं दोन थेंब तेल दोन्ही अंगांना फासलं की पुरे. अळूवडीच्या गुंडाळीचे पदर कडेनं सुटतात आणि टोकं पापडासारखी होतात. वडीचा तोच भाग ताटातून आधी संपतो.

*वांग्याचे काप:* इथं वाद आहे. कापांना मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाणी सुटलं की दाबून टिपून घ्या, मग तिखट-हळद. पण वरून रवा लावला तर सावधान. कोरडा रवा नुसत्या उष्णतेनं खरपूस होत नाही, पांढरा आणि खरखरीत राहतो, कारण त्याला तेलाची सोबत लागते. आमच्या सासूबाईंनी असा एक काप उचलून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हे कुणाच्या पथ्याचं आहे का?’’ रव्याला आधी अर्धा चमचा तेल चोळून घेतलं की हा प्रश्न मिटतो.

*बांगडा:* बोहम यांचा उतार आपल्याकडं खऱ्या अर्थानं कामाला येतो तो इथंच. बांगड्याच्या अंगात स्वतःचं तेल असतं, बाहेरून थेंबही नको. दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा, आगळ, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ; अर्धा तास मुरवून झाकण बंद. पाचेक मिनिटांत कातडी फुगून तडतडते आणि पिवळसर तेल ओघळत ट्रेमध्ये उतरतं. विनोद असा, की बांगड्याचं तेल म्हणजे डॉक्टर ज्याचं कौतुक करतात तेच ओमेगा-३वालं. आरोग्यासाठी आणलेलं यंत्र आरोग्यकारक चरबीच बाहेर काढून दाखवतं! आमच्याकडं ते भाताला लावलं जातं. फोरमनला हे रुचलं नसतं; मालवणात रुचेल.

*बटाटेवडा:* पोटावर कोणी बसल्यासारखा चपटा होतो. तळलेल्या बेसनाच्या आवरणाला दुसरा पर्याय नाही. महिन्यातून एकदा नीट तळून खावा आणि विषय सोडावा.

*मक्याचं कणीस:* वरचा तवा एका रेषेत टेकतो, खालचा एका रेषेत. बाकी सगळं कच्चं. गॅसवर भाजा.

*भरताचं वांगं:* अर्धं चिरून ठेवलं तर शिजतं, धुराचा वास मात्र येत नाही. त्यासाठी वाटीत पेटता कोळसा ठेवून वर तूप सोडून धुंगार द्यावा लागतो, म्हणजे वाचवलेल्या चमच्यातला थोडा परत आला.

साबुदाणा वडा आणि तत्सम गोल मंडळींसाठी आप्पेपात्र ग्रिलहून सरस आहे, आणि त्याला वीज लागत नाही. हे ग्रिलच्या दुकानात कोणी सांगणार नाही.

भाजल्याचा वास कुठून येतो

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२मध्ये एका अभिक्रियेचं वर्णन केलं. प्रथिनांचे घटक आणि साखर उष्णतेत एकत्र आली, की तपकिरी रंग आणि शेकडो वास तयार होतात. पावाची कड, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, तव्यावरचं थालीपीठ, सगळीकडं हेच साहेब. गाडी साधारण १४० अंश सेल्सिअसला वेग घेते आणि पाणी तर १०० अंशांवर उकळतं. म्हणजे वरचं पाणी उडून जाईपर्यंत पदार्थ तपकिरी होणारच नाही, नुसता उकडत बसणार. पनीर ग्रिलवर पांढरंच राहिलं अशी तक्रार असेल तर यंत्राला दोष देऊ नका. पनीर फडक्यानं टिपा. दही बांधून चक्का करून लावा. आणि तवा पुरता तापल्याशिवाय झाकण उघडूच नका.

पनीर वितळत का नाही, चीज मात्र का वाहतं? पनीर लिंबू किंवा दह्यासारख्या आंबटानं नासवलेलं, चीज बहुतेक वेळा रेनेट नावाच्या विकरानं विरजलेलं. आंबटानं धरलेली प्रथिनांची जाळी उष्णतेत सुटत नाही. म्हणून पनीर टिक्क्याचा तुकडा चौकोनी राहतो आणि सँडविचमधलं चीज शर्टावर येतं.

आणि त्या काळ्या समांतर रेघा? फोटोसाठी उत्तम. पण मायारची करामत फक्त रेघांवर होते. दोन रेघांच्या मधल्या खोलगट जागेत तवा टेकतच नाही. चवच हवी असेल तर सपाट प्लेट जास्त देते. रेघांचा खरा उपयोग चरबी वाहून नेण्याचा, म्हणजे पुन्हा बर्गरचा.

नाव ग्रिलचं, काम बटरचं

मुंबईच्या नाक्यावरचं ग्रिल सँडविच हा या यंत्राचा आपल्याकडचा थोरला भाऊ. पावाला कडेपर्यंत बटर, हिरवी चटणी, बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, वरून मसाला. झाकण दाबण्याआधी पावावर पुन्हा बटर, आणि कापून झाल्यावर चीज किसून डोंगर. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते असा नियम आहे. चवीबद्दल माझी तक्रार शून्य. ‘ग्रिल्ड आहे ना, मग हलकं’ म्हणणाऱ्यांनी मात्र सँडविचवाल्याचा सुरीवाला हात एकदा नीट बघावा.

धूर, बटाटा आणि पोपट

निखाऱ्यावर मांस भाजताना चरबी ठिबकते, भपकन धूर उठतो आणि त्या धुरातली घातक द्रव्यं मांसावरच बसतात. इलेक्ट्रिक ग्रिलमध्ये चरबी जाळावर पडत नाही, हा त्याचा प्रामाणिक गुण. मात्र फार तापवून करपवलेल्या मांसात आणखी एका जातीची घातक द्रव्यं तयार होतात आणि ती कुठल्याही तव्यावर होऊ शकतात. मसाल्यात किंवा आंबटात मुरवलेल्या मांसात ती कमी होतात, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. चिकनचा आतला भाग ७४ अंशांना पोचला की ते खाण्याजोगं झालं. पुढं काळं करण्याची गरज नाही. तुकडे बोनलेस आणि एकसारख्या जाडीचे असले तर हे सोपं जातं, कारण हाड मधे आलं की झाकण अधांतरी.

बटाट्याची कथा वेगळी. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले-तळले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००२मध्ये जाहीर केलं तेव्हा जगभर वेफर्सवाल्यांची झोप उडाली. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २०१७मध्ये यावर मोहीमच काढली होती. तिचं सांगणं एवढंच, की टोस्ट आणि बटाटे सोनेरी ठेवा, तपकिरी करू नका.

आता तव्यावरचा नॉनस्टिक थर. हा थर ज्या पदार्थाचा, तो रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना १९३८मध्ये निराळंच काही करताना अपघातानं सापडला. नेहमीच्या तापमानात तो मुकाट बसतो. साधारण २६० अंशांच्या वर बिघडायला लागतो, आणखी तापला तर त्याची वाफ पिंजऱ्यातल्या पाखरांचा जीव घेऊ शकते. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं सगळं झटपट शोषतात ना. घरात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर पिंजरा स्वयंपाकघरात नको, तवा कुठलाही असो. ग्रिलला थर्मोस्टॅट असल्यानं तो सहसा तेवढा तापत नाही; मोकळी नॉनस्टिक कढई मोठ्या आचेवर विसरणं जास्त धोक्याचं.

थर्मोस्टॅटचं कुळ मात्र खानदानी. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. तापल्या की एक जास्त लांबते, जोडी वाकते आणि वीज तोडते. ही युक्ती अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजींनी जहाजावरच्या घड्याळासाठी काढली होती. समुद्रावर रेखांश शोधायला निघालेली पट्टी आज आपला टोस्ट सांभाळते. तेव्हा हिरवा दिवा मधेच गेला की ‘बिघडला वाटतं’ म्हणून आपटू नका. पट्टी वाकतेय आणि सरळ होतेय, इतकंच.

बिल आणि बटण

१००० वॅटचा ग्रिल पाव तास चालला तर जास्तीत जास्त पाव युनिट. बिलाची भीती फुकाची. भीती बाळगायची ती सॉकेटची. लहान सॉकेट ६ अँपिअरचं. २३० व्होल्टला ते फार तर १३८० वॅट झेपवतं. मोठा २००० वॅटचा ग्रिल त्यात ॲडॅप्टर लावून घुसवलात तर आधी प्लास्टिकचा वास येईल, बांगड्याचा नंतर. फ्रीजशेजारचं १६ अँपिअरचं सॉकेट शोधा.

धुण्याचं म्हणाल तर प्लग काढा, तवा कोमट असताना ओलं फडकं आत ठेवून झाकण पाच मिनिटं बंद करा. चिकटलेलं आपोआप सुटतं. तारेची घासणी नको. नळाखाली धरणं तर नकोच नको.

आणि ग्रिल ठेवायचा कुठं? ‘द ऑफिस’ या अमेरिकी मालिकेतल्या २००६च्या एका भागात मायकेल स्कॉट हा बॉस सकाळी बेकनच्या वासानं जाग यावी म्हणून रात्री पलंगाशेजारीच फोरमन ग्रिल ठेवतो, उठता उठता त्यावर पाय देतो आणि तळवा ग्रिल करून घेतो. मग दिवसभर ऑफिसात पायाला बबल रॅप. आपण ओट्यावरच ठेवलेला बरा, भिंतीपासून थोडा पुढं, वायर शेगडीपासून लांब.