मूल तेच, पट्टी वेगळी

आजोळी ‘किती चुणचुणीत!’ म्हणून कौतुक झालेलं पोर वर्गात ‘वांड’ कसं ठरतं? तापाला थर्मामीटर असतो. अतिचंचलतेला, म्हणजे एडीएचडीला, रक्ततपासणी नाही. वागणं या वयाला ‘जास्त’ आहे का, हे तज्ज्ञच ठरवतो, आणि त्याची पट्टी त्याच्या समाजातून येते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन, इंडोनेशिया, जपान आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांना ८ वर्षांच्या मुलांच्या त्याच चित्रफिती दाखवल्या. चिनी आणि इंडोनेशियन तज्ज्ञांना ती मुलं कितीतरी जास्त चंचल वाटली.

एकाच देशातही पट्टी बदलते. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलावर एडीएचडीऐवजी ‘उद्धट, बेशिस्त’ असा शिक्का गोऱ्या मुलापेक्षा सहज बसतो. मग मदतीऐवजी शिक्षा वाट्याला येते. हा सरळ अन्याय आहे. जाणता तज्ज्ञ म्हणूनच पालकांना आधी विचारतो: मोठ्यांना उलट उत्तर दिलेलं तुमच्या घरी चालतं का?