माहिती टांगली, पण सापडणार कशी?

कागद संकेतस्थळावर चढवला की माहिती जनतेला दिली, असा आपल्या सरकारी कार्यालयांचा समज आहे. हा समज साफ चुकीचा आहे. संगणकावर टाईप केलेले परिपत्रक छापायचे, त्यावर साहेबांची सही आणि शिक्का घ्यायचा, मग तेच स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवायचे, ही रूढ पद्धत. अशा फाईलमध्ये संगणकाच्या लेखी एकही अक्षर नसते. असतो तो फक्त कागदाचा फोटो. त्यात 'शिष्यवृत्ती' हा शब्द शोधून पाहा, सापडणार नाही.

दुसरा घोळ जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे नि चिन्हे. ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की नुसता गचाळा! शासन निर्णयाचा संगणक संकेतांक नोंदीसाठी ठीक आहे, पण उतरवलेल्या फाईलचे नावही तेच लांबलचक आकडे. पाच निर्णय उतरवले की वसतिगृहाचा कोणता आणि फ्रीशिपचा कोणता, हे एकेक उघडल्याशिवाय कळत नाही.

याची झळ कोणाला बसते? ज्याचा मंत्रालयात ओळखीचा माणूस आहे, त्याला नाही. ती बसते तालुक्याच्या गावी मोबाईलवर निर्णय शोधणाऱ्या पोराला. माझ्याकडे आलेल्या एका अंध विद्यार्थ्याने त्याच्याच हक्काचे परिपत्रक स्क्रीन रीडरला वाचायला लावले, तर यंत्र गप्प. फोटोला वाचा कुठली?

कायदा मात्र गप्प नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सांगते की माहिती स्वतःहून, लोकांना सहज मिळेल अशा रीतीने आणि स्थानिक भाषेचा विचार करून प्रसृत करावी. कलम ७(४) अपंग नागरिकाला माहितीपर्यंत पोहोचण्यास साहाय्य देण्याचे कर्तव्य माहिती अधिकाऱ्यावर टाकते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ खालच्या २०१७ च्या नियमांत तर संकेतस्थळावरचे दस्तऐवज ई-पब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत, असे लिहिले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कारण असे की कायदा बंधन घालतो आणि नियम नुसती शिफारस करतो. बंधनकारक मानके करा, असा आदेश केंद्राला झाला. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयाने डिजिटल सुविधेपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये वाचला. म्हणजे हा मेहेरबानीचा विषय उरलेला नाही.

सरकारला बोल लावताना आपले घरही पाहू. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत', जुन्या परिषदांची इतिवृत्ते कार्यकर्ते पदरमोड करून स्कॅन करतात. मोठेच काम आहे ते! पण शोधता न येणारा अंक संशोधकाला पानोपान चाळावा लागतो. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी छापील अक्षरे ओळखते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुका होतात, त्या माणसाने तपासाव्या लागतात. महाविद्यालयीन मुलांना वाटून देण्याजोगे ते काम आहे.

नव्या कागदाचे तर काहीच अवघड नाही. युनिकोडमध्ये टाईप करा, शीर्षकांना वर्डमधली हेडिंगची शैली द्या, चित्राखाली त्याचे वर्णन लिहा, आणि स्कॅन न करता थेट पीडीएफ म्हणून साठवा. सही डिजिटल करता येते. फाईलच्या गुणधर्मांत शीर्षक आणि मराठी भाषा नोंदवा, नावात विषय आणि वर्ष येऊ द्या. मग एक ओळ कॉपी करून चिकटवून पाहा. जोडाक्षरे फुटली, वेलांट्या सरकल्या, तर फाईल पुन्हा बनवा, कारण युनिकोड असूनही काही सॉफ्टवेअर हा घोटाळा करतातच.

आणि कार्यालय ऐकत नसेल, तर कलम ६ खाली अर्ज टाका. संकेतस्थळावरचे किती दस्तऐवज स्कॅन आहेत, दिव्यांगांच्या सोयीसाठी त्यांची तपासणी कधी झाली, तिचा अहवाल द्या, इतकेच मागा. अर्जाची पोच जपून ठेवा, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपिलाला तीच लागते.