मोतिया कीं हस्तिदंती?

भिंतींना पांढरा रंग द्यावा, एवढ्यावर घरांतील सर्वांचें सहज एकमत होतें. परंतु कोणता पांढरा, हा प्रश्न निघाला कीं तें मोडतें. रंगाच्या दुकानांतील पत्रिकेवर मोतिया व हस्तिदंती ह्या दोन चौकटी इतक्या सारख्या दिसतात कीं, वडील मंडळी ‘दोन्ही एकच’ म्हणून मोकळी होतात. वस्तुतः मोतियाच्या पोटांत बहुधा निळसर करडी छटा असते, हस्तिदंतीच्या पोटांत पिवळसर. रंग भिंतभर पसरला म्हणजे ही पोटांतली छटाच वर येते.

हा भेद जुन्या गृहिणींस ठाऊक होता. भिजविलेल्या चुन्यांत चिमूटभर नीळ पडली कीं पांढरा थंड व स्वच्छ दिसे. थोडी पिवडी पडली कीं तोच ऊबदार होई. नीळ पांढरेपणा वाढवीत नाहीं. ती पिवळेपणा मारते, इतकेंच. धोतर निळींत काढतात, त्याचेंही कारण हेंच.

आतां पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गांवांतील जुन्या वाड्याचें माजघर डोळ्यांपुढें आणावें. एखादा झरोका, माथ्यावर काळवंडलेल्या तुळया, पायाखालीं शहाबादी फरशी. उजेड आधींच थोडा, त्यांतला बराचसा करड्या फरशीवरून परतलेला. येथें मोतिया राखेसारखा मलूल दिसतो. हस्तिदंती मात्र सौम्य राहतो. उलट, पश्चिमेच्या ओसरीवर वैशाखांतलें ऊन थेट येतें. तेथें हस्तिदंती फार पिवळा भासतो आणि मोतियाच शोभतो.

वय झालें म्हणजे डोळ्यांतील भिंग पिवळसर होतें व आंत उजेड कमी शिरतो. म्हणून आजी-आजोबांच्या खोलींत हा वाद गौण समजावा. भिंत कोणतीही फिकट चालेल. पण उंबरठा आणि पायरीची कड गडद रंगवावी. एका ठेंचेनें म्हातारपणीं अंथरूण धरावें लागतें, हें विसरूं नये.

रंगाआधीं भिंतीची जातही पाहावी. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर तेलाचा रंग चढविल्यास ओल आंत कोंडते व पापुद्रे सुटतात. अशा भिंतीस चुन्याचाच हात उत्तम. ओला असतां तो जवळजवळ पारदर्शक दिसतो; सुकतांना व हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषतांना त्याचा पांढरेपणा उघड होतो. म्हणून ओल्या हातावरून निवाडा करूं नये. तयार डबा घ्यावयाचा तर त्यांतील शिसें किती, तें वाचावें. घरगुती रंगांत तें दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम आपल्याकडे २०१७ सालापासून लागू आहे. रांगतीं मुलें भिंतीचे पोपडे तोंडांत घालतात, त्या घरांत तर हें अवश्य पाहावें.

निवड पत्रिकेवरून न करतां दोन्ही रंगांचे हातभर रुंद पट्टे त्याच भिंतीवर काढावेत, त्यांमध्यें कोरा कागद लावावा, आणि ते सकाळीं, दुपारीं व दिवे लागल्यावर पाहावेत. पिवळ्या दिव्याखालीं एक निवड ठरते, पांढऱ्याखालीं दुसरी. तेव्हां घरांत जो दिवा रोज लागतो तोच लावून पाहावें. निवाडाही सबंध घराचा एकदम न करतां खोलीगणिक करावा. माजघर हस्तिदंती व ओसरी मोतिया झाली, तर घराची शोभा उणावत नाहीं आणि कोणाचा शब्दही खालीं पडत नाहीं.