आधी झाकण उघडा

बकरी ईदचा दुसरा दिवस होता. पहिल्या दिवशी नमाज, कुर्बानी, गोश्तचे हिस्से करणं आणि ते घरोघर पोहोचवणं यातच संध्याकाळ होते. म्हणून आमच्याकडे खुलताबादला खरी मेजवानी दुसऱ्या दिवशी. दरवर्षी अम्मीच्या अंगणात कोळशाची लांब शेगडी मांडली जाते, अब्बा पंख्याने वारा घालतात आणि आम्ही बहिणी कीमा शिगेवर चढवत बसतो. त्या वर्षी मात्र शेगडीच्या जागी एक काळी चकचकीत पेटी उभी होती. दुल्हेभाईंनी आखातातून आणलेलं गॅसचं बार्बेक्यू.

"आता धूर नाही, राख नाही, डोळे चोळणं नाही," दुल्हेभाई कौतुकाने म्हणाले. पेटवायचा मान माझ्या भाच्याला मिळाला. त्याने बटण फिरवलं, ठिणगीची कळ दाबली. टक टक आवाज झाला, पण ज्योत धरेना. आमचं गाव उंच पठारावर, त्यात पावसाळ्याच्या तोंडाचं वारं. त्याला वाटलं, वाऱ्याने विझतंय. त्याने झाकण लावलं, बटण तसंच चालू ठेवलं आणि पुन्हा कळ दाबली. दोनदा, तीनदा, चौथ्यांदा...

फट् असा आवाज झाला. झाकण उडून मागे आदळलं आणि पोराच्या तोंडावर जाळ आला. भुवया गेल्या, उजव्या हातावरची लव जळाली, मनगटावर फोड आले. डोळे वाचले, अल्हमदुलिल्लाह. कुणी टूथपेस्ट आणायला धावलं, कुणी हळद. अब्बांनी कुणाचंही न ऐकता त्याचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, तेच योग्य केलंत.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गॅस हा काही माझा विषय नाही. पण त्या दिवसानंतर मी गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला विचारलं, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं आणि पेटीबरोबर आलेली, कुणीच न उघडलेली पुस्तिका वाचून काढली. तिच्यात सुरुवातीलाच ठळक अक्षरांत सूचना होती: पेटवण्याआधी झाकण उघडा. मुलांना मी रोज सांगते, आधी सूचना वाचा, मग उत्तर लिहा. घरी मात्र आम्ही सगळेच नापास झालो होतो.

आता आपल्या बऱ्याच घरांत अशा पेट्या येऊ लागल्या आहेत. म्हणून जे समजलं ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवते.

गॅस पाण्यासारखा वाहतो

सरांनी मला वर्गातला एक प्रयोग दाखवला. ग्लासात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर व्हिनेगर ओतलं. फेस आला. मग तो ग्लास जळत्या मेणबत्तीवर नुसता कलता केला. पाण्याचा थेंबही पडला नाही, पण मेणबत्ती विझली. ग्लासात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो पाण्यासारखा खाली ओतला गेला.

आपल्या सिलिंडरमधला गॅसही असाच हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. फरक एवढाच की तो मेणबत्ती विझवत नाही, पेटतो. तो वर उडून जात नाही. बंद पेटीच्या तळाशी साचतो, अंगणातल्या मोरीत उतरतो, जिन्याखाली, तळघरात जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते. भाच्याने झाकण लावून चार वेळा कळ दाबली, तेवढ्या वेळात पेटी भरली होती.

कोळसा हळूहळू फुलतो, तो केव्हा पेटला हे डोळ्यांना दिसतं. गॅस दिसत नाही. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण मसाला, चरबी आणि धुराचा वास दरवळत असताना तो वास नाकाला कळेलच असं नाही. म्हणून नाकावर विसंबू नये.

जागा कोणती?

पेटी उघड्यावरच हवी. गॅलरीत, पत्र्याच्या शेडखाली, शामियान्यात किंवा घरात नको. भिंत, पडदे, वाळत घातलेले कपडे यांपासून दहा फूट तरी लांब असावी. जमीन सपाट हवी. जवळ मोरी, गटाराचं तोंड किंवा तळघराची पायरी नको. पोरांना लक्ष्मणरेषा आखून द्यावी आणि ओढणी, दुपट्टा, सैल बाही आवरून घ्यावी.

आमच्यासारख्या वाऱ्याच्या गावात आणखी एक जपायचं. वाऱ्याने ज्योत विझते, पण गॅस वाहतच राहतो. म्हणून पेटीपाशी एक मोठं माणूस कायम हवं. जोराचा वारा असेल तर त्या दिवशी तवा बरा.

आमच्याकडचे लोक पावसाळ्यात म्हैसमाळला जातात, सोबत सिलिंडर नेतात. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. आडवा केला तर गॅसऐवजी द्रव बाहेर येतो, आणि तो द्रव हवेत सुमारे अडीचशे पट पसरतो. उन्हात बंद गाडीच्या डिकीत सिलिंडर ठेवून फिरायला जाऊ नये.

सिलिंडर, रेग्युलेटर, नळी

परदेशातून आलेल्या पेटीवर एक छोटी पट्टी असते. ती किती दाबाच्या गॅसवर चालते ते त्यावर लिहिलेलं असतं: ३०, ३७ किंवा ५० मिलिबार. आपल्या घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाब देतो. आकडा जुळत नसेल तर ज्योत नीट लागत नाही. मग काही जण "आच कमी आहे" म्हणून आचाऱ्याच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर आणून बसवतात. हे कधीही करू नका. नळी निसटते, नाहीतर जाळ पेटीबाहेर येतो. आकडा जुळत नसेल तर जाणत्या मेकॅनिकला दाखवा, तो नाही म्हणाला तर पेटी बाजूला ठेवा.

सिलिंडर घेतानाच त्याची तारीख बघावी. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२८ असेल तर त्या सिलिंडरची पुढची तपासणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली असेल तर परत करावा. मोठ्या सिलिंडरमधून गॅस भरून दिलेल्या बाजारातल्या पत्र्याच्या छोट्या टाक्या तर घरात आणूच नयेत. ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे. पाच किलोचा अधिकृत छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून एजन्सीत मिळतो.

नळी आयएसआय शिक्क्याची, केशरी रंगाची सुरक्षा नळी असावी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड नको, घरातल्या शेगडीच्या नळीला फाटा काढून तर नकोच. दर पाच वर्षांनी ती बदलावी. भेग, कडकपणा, उंदराने कुरतडल्याची खूण दिसली तर त्याच दिवशी बदलावी.

मग साबणाच्या पाण्याची परीक्षा. पेटीची बटणं बंद ठेवून सिलिंडर चालू करा आणि रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, मधली नळी यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणं म्हणजे चोराला घराची किल्ली देणं.

पेटवण्याची रीत

आमच्या अंगणाच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवलेला आहे. माझ्याच अक्षरात, मराठीत आणि उर्दूत:

१. झाकण उघडा.
२. सिलिंडर चालू करा.
३. एकच बटण फिरवा आणि लगेच कळ दाबा. तोंड पेटीवर वाकवू नका.
४. पाच सेकंदांत पेटलं नाही तर सगळं बंद करा. झाकण उघडंच ठेवा. पाच मिनिटं थांबा. मगच पुन्हा.
५. विझवताना आधी सिलिंडर बंद, नळीतला गॅस जळून ज्योत विझली की बटणं बंद.

चौथा नियम सगळ्यात अवघड आहे. पाहुणे ताटावर बसलेले असताना पाच मिनिटं फार लांब वाटतात. आमच्याकडे जे घडलं ते याच पाच मिनिटांसाठी.

चरबी आणि कोळी

कुर्बानीच्या गोश्तला चरबी चांगली असते. ती वितळून खालच्या ट्रेमध्ये साचते आणि पुढच्या खेपेला तीच पेट घेते. म्हणून प्रत्येक वापरानंतर, पेटी गार झाल्यावर, ट्रे रिकामा करून धुवावा. जाळी पूर्ण फॉइलने झाकू नये. उष्णता कोंडते आणि बटणांकडे, सिलिंडरकडे वळते. चरबीने पेट घेतलाच तर बटणं आणि सिलिंडर बंद करावा, वरून मीठ किंवा खाण्याचा सोडा टाकावा. पाणी मुळीच ओतू नये. पेटती चरबी उडून अंगावर येते.

जाळी घासायला तारेचा ब्रश वापरतात. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि कबाबातून पोटात जाते. अमेरिकेत २०११-१२ मध्ये एकाच शहरात असे अनेक रुग्ण आढळले, काहींच्या आतड्याला भोक पडलं होतं. आम्ही आता अर्धा कांदा लांब काट्याला टोचून गरम जाळीवर घासतो.

आणि कोळी! पेटी वर्षातून दोनदाच निघते. मधल्या काळात बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळं विणतो. मग हवा नीट मिसळत नाही, ज्योत निळीऐवजी पिवळी, उंच आणि काजळीची होते, कधी गॅस उलटा फिरून बटणांजवळ पेटतो. ईदच्या आठवडाभर आधी बर्नर काढून नळ्या बारीक ब्रशने साफ कराव्यात. आमच्या पेटीतूनही जाळं निघालं. त्या दिवशी ज्योत का धरत नव्हती, त्याचं एक कारण बहुधा तेच असावं. वारा बिचारा उगाच बदनाम झाला.

अपघात झालाच तर

गळतीचा वास आला तर सिलिंडर बंद करा, आसपासची आग विझवा, माणसं लांब न्या. विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका. घर बंद असेल तर दारं-खिडक्या उघडा. लांब गेल्यावर १९०६ वर फोन करा, हा क्रमांक गॅसगळतीसाठी चोवीस तास चालू असतो. आग लागली तर १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्या. चेहरा भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवाच.

शेगडीकडे परत जावं का?

त्या प्रसंगानंतर अम्मी म्हणाली होती, "हमारी सिगडीच भली." तिची भीती मला कळते. पण कोळशालाही त्याचा धोका आहे. पावसाची सर आली की लोक धगधगती शेगडी उचलून खोलीत नेतात. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेली माणसं तशीच झोपून राहतात. कोळसा असो की गॅस, आग घरात न्यायची नाही.

रात्री झोपताना घरात आग तशीच ठेवू नये अशी ताकीद हदीसमध्ये आहे. उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटतं, इतकं बारीक कारणही तिथे सांगितलेलं आहे. लहानपणापासून ते ऐकत आले होते. पण रात्री सिलिंडर बंद करताना, उंदरांनी कुरतडलेली नळी बदलताना ते आता दरवेळी आठवतं.

गेल्या ईदला पेटी पुन्हा अंगणात आली. भाच्याच्या भुवया कधीच उगवल्या आहेत, मनगटावर मात्र फिकट डाग राहिला आहे. आम्ही सगळे लांब उभे होतो. त्याने भिंतीवरचा कागद वाचला, साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत हे मला बोलावून दाखवलं. मग दोन्ही हातांनी झाकण मागे टाकलं आणि ओरडला, "खाला, झाकण उघडं आहे!"

एका दमात निळी ज्योत लागली. अब्बा पंखा हातात घेऊन शेजारीच बसले होते, सवयीने. अम्मीने पहिली शीग भाच्याच्या ताटात वाढली.