शेवटच्या तोडणीचा माल

नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात ‘सीझन’ हा शब्द लहान पोरालाही कळतो. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडावर. मग गाड्यांची रांग आखडते, लिलाव लवकर आटोपतो आणि हमाल म्हणतो, ‘संपला ना भाऊ सीझन.’ त्या शेवटच्या मालात बारकं-डागी फळच जास्त. पण कधीकधी त्यातलंच एखादं सोलावं, तर वर्षभरात तसं खाल्लेलं नसतं. ‘सुपर फ्रेंड्स’ या जुन्या अमेरिकी कार्टूनचा शेवटचा सीझन पाहताना मला हाच माल आठवत राहिला.

हॅना-बार्बेरा कंपनीचं हे कार्टून सप्टेंबर १९७३ मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झालं. सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन, वंडर वूमन आणि अ‍ॅक्वामॅन एका टोळीत, आणि त्यांच्या पायात घुटमळायला वेंडी-मार्विन ही दोन पोरं अन् त्यांचा कुत्रा. त्या काळी मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामारीवर अमेरिकेतले पालक खवळलेले. त्यामुळे जगातला सगळ्यात ताकदवान माणूस कुणाला साधा ठोसाही मारत नसे. चित्रंही काटकसरीची; तीच उडी, तीच धाव पुन्हापुन्हा. १९७८ साली ‘लीजन ऑफ डूम’ ही खलनायकांची फळी आली तेव्हा जरा तिखट पडलं. एरवी बारा वर्षं सगळं गुळमट.

१९८५ च्या सप्टेंबरात शेवटचा सीझन आला, तो नावच बदलून: ‘द सुपर पॉवर्स टीम: गॅलॅक्टिक गार्डियन्स’. भाग अवघे आठ. ‘फ्रेंड्स’ गेले आणि ‘सुपर पॉवर्स’ आलं, यामागे निव्वळ धंदा होता. केनर कंपनी १९८४ पासून याच नावाची खेळणी विकत होती. बाहुल्याचे पाय दाबले की त्याचे हात ठोसा मारत! पडद्यावर इतकी वर्षं जे करायला बंदी होती, ते खेळण्याच्या खोक्यात पैसे देऊन मिळत होतं.

या जाहिरातबाजीतून एक चांगली गोष्टही घडली. टोळीचा मुख्य शत्रू डार्कसाइड ही जॅक कर्बी या चित्रकाराची १९७० सालची निर्मिती. कर्बीने आयुष्याचा बराच काळ पानामागे मजुरी घेऊन काम केलं. त्याच्या पात्रांवर पैसा दुसऱ्यांनी कमावला. खेळण्यांच्या निमित्ताने डीसी या कॉमिक कंपनीने त्याच्याकडून ही पात्रं नव्याने रेखाटून घेतली आणि त्यावर त्याला रॉयल्टी मिळाली. माल एकाचा आणि कमाई दुसऱ्याची, हे रोज बघणाऱ्या आमच्यासारख्यांना याचं मोल जास्त वाटतं.

पण मी ज्याला गोड फळ म्हणतो ते निराळंच. अ‍ॅलन बर्नेट या लेखकाने लिहिलेला ‘द फिअर’ हा भाग. बॅटमॅनचे आईवडील लहानपणी त्याच्यासमोर मारले गेले, ही गोष्ट कॉमिकमध्ये १९३९ पासून होती. पडद्यावर ती घडताना कुणी दाखवलीच नव्हती. इथे बॅटमॅन त्याच गल्लीत येतो आणि त्याचे पाय जागीच गोठतात. मग तो जुना प्रसंग: रस्त्यावर लुटारू, त्याला भिडणारा बाप. गोळी दाखवायची सोय नव्हती, म्हणून आभाळात वीज कडाडते. रक्त नाही, प्रेत नाही. बंदीतून काढलेली ही पळवाट मला उघड्या गोळीबारापेक्षा जास्त हादरवून गेली. आणि बॅटमॅनला आवाज कुणाचा? अ‍ॅडम वेस्टचा. १९६६ च्या मालिकेत ज्याने बॅटमॅनला विनोदी केलं होतं, त्याच माणसाच्या तोंडून ही भीती ऐकायची.

बाकीचा माल सगळाच असा नाही, हेही सांगायला हवं. डार्कसाइडने वंडर वूमनशी लग्नासाठी घेतलेले हेलपाटे हास्यास्पद आहेत. सायबॉर्ग हा नवा गडी मात्र आवडतो. त्याला अर्नी हडसनचा आवाज आहे. ‘द डेथ ऑफ सुपरमॅन’ या भागात सुपरमॅन क्रिप्टोनाइटने मेला असं समजून सोबती त्याला निरोप देतात. टोळीतला तरुण फायरस्टॉर्म स्वतःला दोष देत कुढत बसतो. शेवटी सुपरमॅन जिवंत निघतो, ते ठीकच. पण मुलांच्या कार्टूनमध्ये कुणीतरी शोक करत बसलंय, हे लक्षात राहतं. कॉमिकमधल्या सुपरमॅनला मरायला १९९२ साल उजाडावं लागलं.

त्याच १९९२ साली ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरिज’ सुरू झाली, आणि बर्नेट तिच्या निर्मात्यांत होता. ‘सुपर फ्रेंड्स’चे पहिले सीझन चाळत बसू नका. ‘द फिअर’ आधी बघा, रात्री बघा, आणि घरातलं पोर शेजारी असेल तर वीज कडाडते तिथे त्याच्याकडेही एकदा बघा.